व्हॅक्यूम क्लीनर बाळाच्या उंचीवरून निवडा

"सर, पन्नास हजारांचा झाडू घेतलात म्हणे?"

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये चहा पिताना एका सहकाऱ्याने विचारलं आणि सगळे हसले. मीही हसलो. आकडा पन्नास नव्हता, अडतीस हजार होता. पण शिक्षकाच्या पगारात अडतीस काय आणि पन्नास काय, दोन्ही बोचणारेच. गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला शेजाऱ्यांनी विचारला, साडूने विचारला, माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीही विचारला. प्रत्येकाला दोन वाक्यांत उत्तर देताना काहीतरी राहून जातं, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. लहान मुलं असलेल्या घरात चांगला, महाग व्हॅक्यूम क्लीनर ही चैन नाही. पण तो प्रत्येक घराची गरजही नाही. आणि घ्यायचाच असेल, तर दुकानदार ज्या गोष्टीचं कौतुक करतो तिच्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नयेत. ज्या गोष्टीबद्दल तो सहसा बोलतच नाही, तिच्यासाठी द्यावेत.

आपल्या घरांत बरंचसं जगणं जमिनीवर होतं. दस्तरखान जमिनीवर पसरतो, जानमाज जमिनीवर असते, पाहुणे आले की रात्री गाद्याही जमिनीवरच पडतात. सजद्यात दिवसातून कितीतरी वेळा कपाळ आणि नाक जमिनीला टेकतं. रांगणारं बाळ तर दिवसभर तिथेच असतं. आपण मोठी माणसं घर स्वच्छ आहे की नाही हे टेबलावरून आणि कपाटाच्या दारावरून ठरवतो. बाळाचं नाक जमिनीपासून वीतभर उंचीवर असतं. वजनाच्या मानाने ते मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेतं आणि जमिनीवरचा हात थेट तोंडात घालतं. घरातली धूळ सगळ्यांची एकच असली तरी तिचा सगळ्यात मोठा वाटा त्याच्याच पोटात आणि छातीत जातो.

आम्ही भिवंडीत राहतो. समोरच्या गल्लीत यंत्रमागाचा कारखाना आहे. लूमची खटखट आम्हाला ऐकू येईनाशी झाली आहे, इतकी ती सवयीची. पण कापसाचे बारीक तंतू सवयीचे होत नाहीत. ते खिडकीच्या जाळीवर साचतात, पंख्याच्या पात्यांवर मिशीसारखे उगवतात. त्यात गोदामांकडे जाणाऱ्या ट्रकांची धूळ आणि नेहमी कुठे ना कुठे चाललेलं बांधकाम. माझ्या अम्मीने या घरात चाळीस वर्षं ओढणीने नाक बांधून केर काढला. तिला जुना खोकला आहे आणि तो आम्ही तिच्या स्वभावाचाच भाग समजत आलो.

धाकटी दहा महिन्यांची असताना तिला रात्रीचा खोकला सुरू झाला. छातीत घरघर व्हायची. दोनदा नेब्युलायझरने वाफ द्यावी लागली. बालरोगतज्ज्ञांनी औषधं लिहून दिली आणि आम्ही उठता उठता विचारलं, "घरात केर कसा काढता? मूल त्याच खोलीत असतं का?"

मी पत्नीकडे पाहिलं. मला उत्तर माहीत नव्हतं, कारण मी घरात कधी केर काढलाच नव्हता. बारा वर्षं मुलांना 'स्वच्छतेचे महत्त्व' या विषयावर निबंध लिहायला देणारा मी शिक्षक. तहारतीवर बोलायला उभा राहिलो तर अर्धा तास बोलेन. पण सकाळी आठ वाजता मी शाळेत निघालो की मागे घरात धुळीचं काय होतं, हे मला ठाऊक नव्हतं. डॉक्टरांच्या त्या प्रश्नाची लाज अजून वाटते.

त्याच आठवड्यात मी घाईघाईने एक यंत्र आणलं. सेल चालू होता. खोक्यावर मोठ्या अक्षरांत '१८०० वॉट' लिहिलं होतं आणि दुकानातल्या मुलाने जमिनीवर रवा सांडून तो झटक्यात ओढून दाखवला. मी खूश झालो. घरी पहिल्याच दिवशी चालवलं तेव्हा खोलीत एक जळका, धुळकट वास भरला. दुपारी तीनच्या सुमाराला आमच्या खिडकीतून उन्हाची तिरपी पट्टी आत येते. त्या पट्टीत मी पाहिलं तर यंत्र पुढून जी धूळ ओढत होतं, तिचा बारीक भाग मागून पुन्हा खोलीत सोडत होतं. नंतर गॅलरीत जाऊन डबा रिकामा केला, तर वाऱ्याने सगळा भपकारा माझ्याच तोंडावर आणि उघड्या दारातून घरात. आत धाकटी शिंकत होती. यंत्र बिघडलेलं नव्हतं. ते ज्यासाठी बनवलं होतं तेच करत होतं. चूक माझ्या निवडीची होती.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे शब्दांकडे लक्ष जातं. आपण 'झाडू मारतो' आणि 'केर काढतो'. दोन्ही एकाच कामाची नावं आहेत असं आपण धरून चालतो. पण झाडणं म्हणजे एखादी गोष्ट जागची हलवणं, उडवणं. काढणं म्हणजे घराबाहेर नेणं. कोरडी केरसुणी जाड कचरा काढते आणि बारीक धूळ नुसती झाडते. ती धूळ हवेत उडते आणि अर्ध्या तासाने पुन्हा खाली बसते, आपल्या लादीवर, उशीवर आणि बाळाच्या खेळण्यांवर. माझं पहिलं यंत्र म्हणजे विजेवर चालणारी केरसुणीच होती. व्हॅक्यूम क्लीनर निवडताना खरा प्रश्न एकच: हे यंत्र धूळ काढतं, की झाडतं?

हा प्रश्न या यंत्राच्या जन्मापासूनचा आहे. १९०१ साली ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने हवा आत ओढून सफाई करणारं यंत्र बनवलं. त्याआधी त्याने धूळ फुंकून उडवणारं एक यंत्र पाहिलं होतं आणि त्याला प्रश्न पडला होता की ही धूळ उडवण्यापेक्षा ओढून का घेत नाहीत? त्याचं यंत्र इतकं मोठं होतं की घोडागाडीवरून आणावं लागे आणि लांबलचक नळ्या खिडक्यांतून घरात सोडाव्या लागत. घरात हाताने फिरवता येईल असं विजेचं यंत्र ज्याच्या नावाने प्रसिद्ध झालं, तो अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या कँटन गावचा जेम्स मरे स्पँगलर. तो एका दुकानाच्या इमारतीत सफाईचं काम करायचा. त्याला दमा होता आणि गालिचे झाडताना उडणारी धूळ त्याला सोसत नव्हती. त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून यंत्र तयार केलं. १९०८ साली त्याला पेटंट मिळालं आणि पुढे ते हूवर कुटुंबाने विकत घेतलं. घराघरांत पोचलेलं हे यंत्र अशा रीतीने दमेकरी सफाई कामगाराने स्वतःच्या श्वासासाठी बनवलेलं आहे. मला ही गोष्ट कळली तेव्हा माझी निवडीची पद्धतच बदलली.

आता मुद्द्याच्या गोष्टी.

पहिली गोष्ट वॉटची. वॉट म्हणजे मोटर किती वीज खाते. ती धूळ किती ओढते, हे त्यावरून कळत नाही. युरोपीय संघाने २०१४ पासून १६०० वॉटपेक्षा जास्त आणि २०१७ पासून ९०० वॉटपेक्षा जास्त ताकदीचे घरगुती व्हॅक्यूम क्लीनर विकायला मनाई केली. तिथली घरं त्यामुळे अस्वच्छ झाली नाहीत. कंपन्यांनी कमी विजेत चांगलं ओढणारी यंत्रं बनवली. तेव्हा खोक्यावरच्या मोठ्या आकड्यावर भुलू नका. आकडाच बघायचा तर 'एअर वॉट' बघा, कारण तो ओढण्याच्या ताकदीच्या जवळ जातो. पण त्यालाही दुसरा क्रमांक द्या.

पहिला क्रमांक गाळणीला. 'हेपा' हा शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहे. ही गाळणी १९४० च्या दशकात अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पात हवेतले किरणोत्सारी कण अडवण्यासाठी विकसित झाली. अमेरिकी व्याख्येनुसार ती ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते. युरोपीय मानकात 'एच-१३' दर्जाची गाळणी, अडवायला सगळ्यात अवघड आकाराचे ९९.९५ टक्के कण अडवते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, यावरून अंदाज करा. बाजारात मात्र 'हेपा-टाइप', 'हेपासारखी' असं लिहिलेल्या गाळण्याही मिळतात. त्या शब्दांना काही अर्थ नाही. दर्जा लिहिलेला असेल तरच तो धरावा.

पण नुसती गाळणी चांगली असून भागत नाही, आणि दुकानदार याबद्दलच बोलत नाही. करोनाच्या काळात आपण एन-९५ मास्क वापरले. मास्क कितीही चांगला असला तरी नाकाशेजारी फट राहिली तर श्वास फटीतूनच जायचा. व्हॅक्यूम क्लीनरचंही तसंच आहे. यंत्राच्या अंगाला, झाकणाला, सांध्यांना फटी असतील तर धूळ गाळणीकडे न जाता तिथून बाहेर पडते. म्हणून विचारायचं ते असं: "गाळणी हेपा आहे हे कळलं. पूर्ण यंत्र सीलबंद आहे का? बाहेर पडणारी सगळी हवा गाळून येते का?" महागड्या यंत्राचे जास्तीचे पैसे खऱ्या अर्थाने इथे कामी येतात. पडदा दाखवणारी पट्टी, रंगीत दिवे, मोबाइलचं ॲप यांत नाही.

दुसरी गोष्ट, पिशवी की डबा. डायसन कंपनीचा संस्थापक जेम्स डायसन याने पिशवी नको म्हणून ५,१२७ नमुने बनवले आणि १९९३ साली आपलं पहिलं बिनपिशवीचं यंत्र स्वतःच्या नावाने बाजारात आणलं. तंत्र हुशारीचं आहे. हवा गरगर फिरवून धूळ डब्याच्या कडेला फेकली जाते, ओढ कमी होत नाही आणि पिशव्यांचा खर्च वाचतो. पण डबा शेवटी कोणीतरी उघडून रिकामा करायचा असतो, आणि त्या क्षणी आत कोंडलेली धूळ पुन्हा मोकळी होते. ज्या घरात दम्याचं मूल किंवा खोकणारी दादी आहे, तिथे मी पिशवीच्या बाजूने आहे. पिशवी भरली की तोंड बंद करून थेट कचऱ्यात टाकायची, धूळ दिसतसुद्धा नाही. अट एकच: त्या पिशव्या आपल्या शहरात किंवा ऑनलाइन सहज आणि वाजवी दरात मिळतात का, हे यंत्र घेण्याआधी तपासा. पिशव्या मिळत नसतील तर ते यंत्र दोन वर्षांनी माळ्यावर जातं. डब्याचं यंत्र घेतलंच असेल तर डबा घराबाहेर, वाऱ्याकडे पाठ करून, मोठ्या पिशवीत तोंड खाली करून रिकामा करा, आणि मूल आसपास नको.

तिसरी गोष्ट, यंत्राचा उपयोग नक्की कुठे. इथे मी थोडा खोलात गेलो आणि माझे बरेच गैरसमज गेले. साध्या लादीसाठी अडतीस हजारांचं यंत्र लागत नाही. लादीवरची धूळ ओल्या फडक्याने जितकी छान निघते तितकी बऱ्याच यंत्रांनीही निघत नाही, कारण ओलं फडकं धूळ उडू देत नाही. खरा प्रश्न गादी, उशी, सोफा, गालिचा, पडदे आणि जाड जानमाज यांचा. तिथे फडकं चालत नाही. घरातल्या धुळीत राहणारे माइट नावाचे जीव पाव मिलिमीटरच्या आसपासचे असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. आपल्या त्वचेचे गळणारे कण हे त्यांचं अन्न. ते पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा शोषतात, म्हणून आपल्या कोकणपट्टीची दमट हवा त्यांना मानवते. त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांनी अनेक मुलांना दम्याचा त्रास होतो. आणि मूल रोज दहा-बारा तास गादीवर नाक टेकवून झोपतं.

व्हॅक्यूम क्लीनर गादीतले सगळे माइट काढू शकत नाही, ते धाग्यांना घट्ट धरून बसतात. तो वरवरची त्यांची घाण आणि त्वचेचे कण बऱ्यापैकी काढतो. बाकीचं काम जुन्याच पद्धतीने करावं लागतं. चादरी आणि अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवायचे. गाद्या कडक उन्हात घालायच्या. अम्मी दर महिन्याला गाद्या गच्चीवर टाकायला लावायची तेव्हा आम्ही भावंडं कुरकुरायचो. तिला माइट हा शब्द माहीत नव्हता, पण गादीतला ओलावा गेला पाहिजे हे ती ओळखून होती. गादीसाठीच्या काही यंत्रांवर जंतू मारणारा अतिनील दिवा असतो, त्याचे जास्तीचे पैसे देऊ नका. यंत्र एका जागेवरून क्षणभर फिरतं आणि तो प्रकाश कापडाच्या आत जात नाही.

आता यंत्रांच्या प्रकारांबद्दल. बिनवायरचं, हातात धरायचं यंत्र सध्या सगळ्यांना हवं असतं. सोयीचं आहे, जेवण झाल्यावर दस्तरखानाखालचे तुकडे उचलायला उत्तम. पण पूर्ण ताकदीवर लावलं तर बॅटरी काही मिनिटांतच उतरते, आणि लिथियमची बॅटरी काही वर्षांनी थकतेच. ती बदलता येते का, कितीला मिळते, हे आजच विचारून ठेवा. रोबोचं म्हणाल, तर तो पलंगाखाली छान जातो, रोज न कंटाळता जातो. पण तो गादीवर चढत नाही, आणि लहान मुलांच्या घरात जमिनीवर मोजे, क्रेयॉन, चार्जरच्या वायरी आणि कधीकधी बाळाचा पराक्रमही पडलेला असतो, तो सगळा तो घरभर फिरवतो. काही रोबोंना कॅमेरा असतो. घरात आयाबहिणी वावरतात, तेव्हा ती चित्रं कुठे जातात हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. आम्ही शेवटी वायर असलेलं, चाकांवर मागे फिरणारं, पिशवीचं, सीलबंद यंत्र घेतलं. दिसायला जुनाट आहे. ॲप नाही. पण उन्हाच्या पट्टीत चालवून पाहिलं तेव्हा मागून काही बाहेर आलं नाही. डोळ्यांना दिसते ती जाड धूळ हे खरं, पण जिथे जाड धूळच अडत नाही तिथे बारीक अडण्याची आशा नाही. ही परीक्षा फुकटची आहे, यंत्र परत करण्याची मुदत संपायच्या आत करून बघा.

वापराच्या काही गोष्टी अनुभवाने सांगतो. यंत्र चालू असताना मूल त्या खोलीत नको आणि नंतरही अर्धा तास नको, कारण सफाई करताना थोडी धूळ उडतेच. फिरत्या ब्रशजवळ बाळाची बोटं आणि मुलींचे मोकळे केस येऊ देऊ नका. ऊद-लोबानचे निखारे आणि मच्छर अगरबत्तीची राख कधीही यंत्राने ओढू नका. वरून विझलेला निखारा आतून जिवंत असतो आणि पिशवी पेटू शकते. घर जुनं असेल, भिंतीचा जुना रंग पापुद्र्यांनी सुटत असेल, तर ते कोरडे झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे ९० पीपीएमची मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. धुण्याजोगी गाळणी धुतली तर पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका. पावसाळ्यात तिला दोन-दोन दिवस लागतात आणि ओली बसवली तर कुबट वास घरभर होतो.

आता स्टाफरूमच्या प्रश्नाकडे येतो. ही फुजूलखर्ची नाही का?

मी स्वतःला हा प्रश्न बरेच दिवस विचारला. आपल्याकडे इसराफबद्दल आपण लग्नात कधी बोलत नाही, पण घरातल्या बाईचं काम हलकं करणारी वस्तू आली की पटकन आठवतं. मिक्सर आला तेव्हाही, वॉशिंग मशीन आली तेव्हाही. अडतीस हजारांचा मोबाइल मी घेतला असता तर स्टाफरूममध्ये कोणी हसलं नसतं, मॉडेल विचारलं असतं. यंत्र दहा वर्षं चाललं तर वर्षाला ३,८०० रुपये आणि वर पिशव्यांचा खर्च. ते आठवड्याला दोनदा वापरलं तर फुजूलखर्ची नाही. कोपऱ्यात झाकून ठेवलं तर वीस हजारांचंही फुजूलखर्ची आहे. ज्यांचं घर दोन खोल्यांचं आहे, गालिचा नाही, सोफा नाही, मुलांना त्रास नाही, त्यांनी कर्ज काढून किंवा हप्त्यावर असलं यंत्र अजिबात घेऊ नये. ओलं फडकं, धुतलेल्या चादरी, उन्हात टाकलेल्या गाद्या आणि केर काढताना मुलाला दुसऱ्या खोलीत बसवणं, एवढ्यानेही खूप फरक पडतो आणि त्याला पैसे लागत नाहीत. यंत्र म्हणजे औषधही नाही. धाकटीचा पंप डॉक्टरांनी बंद केलेला नाही आणि मीही माझ्या मनाने करणार नाही. रात्रीचा खोकला कमी झाला आहे, तो औषधाने किती आणि सफाईने किती, हे मी सांगू शकत नाही.

एक गोष्ट मात्र मी आधी लक्षातच घेतली नव्हती. आमच्याकडे सकाळी कामाला खाला येतात. त्या अशा सहा घरांचा केर काढतात. आपल्या मुलाच्या श्वासाची काळजी करताना सहा घरांची धूळ खाणारं हे माणूस माझ्या हिशोबात कुठेच नव्हतं. यंत्र आल्यावर खालांचा चेहरा पडला. मला वाटलं, त्यांना चालवायची भीती वाटते. दोन दिवसांनी त्यांनी पत्नीला विचारलं, "भाभी, आता माझे पैसे कमी करणार का?" त्यांच्या दृष्टीने ते यंत्र त्यांची जागा घ्यायला आलं होतं. आम्ही सांगितलं की पगार तोच राहील. मग मी त्यांना यंत्र शिकवलं. 'कामवाल्यांच्या हाती महागडी वस्तू देऊ नये' असं सांगणारे हितचिंतक भेटले. माझं म्हणणं असं की, जी वस्तू श्वासासाठी घेतली ती सगळ्यात जास्त धुळीत काम करणाऱ्याच्या हातात द्यायची नसेल, तर ती घेतली कशाला? हे यंत्र बनवलं तोही दुसऱ्याच्या इमारतीत झाडू मारणाराच होता.

आणि राहिला मी. हजरत आयेशा (रजि.) यांना विचारलं गेलं होतं की पैगंबर (स.) घरी असताना काय करत. त्यांनी सांगितलं की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की उठून जात. सहीह बुखारीतली ही रिवायत मी वर्गात कितीतरी वेळा सांगितली आहे. आता रविवारी गाद्या आणि सोफा मी करतो. पहिल्या वेळी अम्मीची गादी केली तेव्हा पिशवीत जे जमा झालं ते पाहून मी गप्प बसलो. त्या गादीवर ती कित्येक वर्षं खोकत होती आणि आम्ही तिला फक्त काढा द्यायचो. थोरला सात वर्षांचा आहे. तो हल्ली नळी धरायला भांडतो. घरातला केर काढणं हे अम्मीचं काम आहे असं त्याला वाटत नाही, कारण त्याने अब्बूला ते करताना पाहिलं आहे. अडतीस हजारांत हे मिळेल असं खोक्यावर लिहिलेलं नव्हतं.

परवा तोच सहकारी पुन्हा आला. त्याच्याकडे आता नात झाली आहे, रांगायला लागली आहे. या वेळी तो हसला नाही. म्हणाला, "सर, कोणतं मॉडेल घेऊ ते सांगा, आजच बुक करतो."

मी विचारलं, "घरी केर कोण काढतं?"

तो थोडा थांबला. म्हणाला, "सून काढते. कधी तिची सासू."

"मग आठवडाभर तुम्ही काढा," मी म्हणालो, "नातीला दुसऱ्या खोलीत बसवून. पुढच्या शनिवारी आपण दोघं मिळून दुकानात जाऊ. काय विचारायचं ते तुम्हालाच कळलेलं असेल."